सुतानं मोजलेलं पुणं

दत्तोपंत मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात पांढऱ्या सुताचं एक रीळ कायम असायचं. मास्तरांनी जन्मात कधी बटण लावलं नव्हतं. ते काम त्यांच्या बायकोचं, प्रमोदिनीबाईंचं. पण बटण लावायला त्यांनी सूत मागितलं की मास्तर खिशावर हात दाबून म्हणायचे, "हे नको. हे मोजायचं आहे."

मोजायचं म्हणजे नकाशावर. बेळगावच्या खडेबाजारातल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीच्या भिंतीवर मुंबई इलाख्याचा एक मोठा नकाशा होता. शाळेनं नवा घेतला तेव्हा जुना मास्तरांनी मागून आणला होता. घरी कुणी पाहुणा आला आणि चपला काढून टेकला, की त्याला पाणी मिळायच्या आत मास्तर विचारत, "कुठून येणं झालं? साताऱ्याहून?" मग सुताचं एक टोक बेळगावावर, दुसरं साताऱ्यावर, सूत ताणून खालच्या पट्टीला लावायचं आणि जाहीर करायचं, "एकशेतीस मैल."

"एकशेतीस कसे मास्तर?" पाहुणा चाचरत म्हणे. "मोटारीनं तर बरेच जास्त..."

"ते रस्त्याचं. रस्ता लबाड असतो. खरं अंतर हे."

प्रमोदिनीबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या आणि मनात म्हणायच्या, आता या माणसाला घरी परत जायला खरं अंतर कोण देणार आहे?

त्या स्वतः निपाणीच्या. कोल्हापूरच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेल्या, आणि तर्कशास्त्रात वर्गात पहिल्या आलेल्या. त्या तर्कशास्त्राचा या घरात वीस वर्षांत एकदाही उपयोग झालेला नव्हता. सुरुवातच तशी झाली होती. लग्न निपाणीला होतं आणि वऱ्हाड बेळगावाहून निघणार होतं. नवऱ्यामुलानं आदल्या दिवशी सूत ताणून सगळ्यांना पटवून दिलं की सडकेनं सत्तेचाळीस मैल होतात आणि सरळ गेलं तर चाळीसच. वऱ्हाडानं सडक सोडली. हिरण्यकेशीत गाडी रुतली, कारण सुताला नदी लागत नाही. मुहूर्त टळायची वेळ झाली तेव्हा कुठे नवरामुलगा मांडवात पोचला. अंतरपाटाच्या खालून प्रमोदिनीबाईंना आपल्या नवऱ्याचं पहिलं दर्शन झालं ते दोन चिखलानं माखलेल्या पायांचं. वर मंगलाष्टकं चालली होती आणि त्या खाली पायांकडे बघून विचार करत होत्या, हे काय आहे?

त्याचं उत्तर त्यांना पुढेही पूर्ण मिळालं नाही. माणूस वाईट नव्हता. शाळेत पोरांना जीव लावून भूगोल शिकवायचा, कुणावर हात उगारायचा नाही. एकुलत्या एका मुलीला, बेबीला, त्यानं मुलगा असता तर शिकवलं असतं त्याहून जास्त शिकवलं. पण लढाईत बेळगावाजवळ सांबऱ्याला सरकारनं विमानतळ केला आणि मास्तरांचं डोकं पार फिरलं. विमान सुतासारखं जातं! नदी नाही, घाट नाही, वळण नाही. तीस वर्षं ज्या अंतराला लोक हसले, त्या अंतरावरून आता माणसं खरोखर जाऊ लागली होती. दर रविवारी मास्तर सायकल मारत सांबऱ्याला जायचे, तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे राहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, "इथून पुणं एकशे त्र्याण्णव मैल. एक तास सदतीस मिनिटं. काय?"

"काय म्हणजे काय?" प्रमोदिनीबाई म्हणायच्या. "आपल्याला कोण बसवतंय त्यात?"

बसवणारा माणूसही मास्तरांनी शोधून ठेवला. मारुतीराव नावाचे त्यांचे एक जुने विद्यार्थी विमानतळावर पेट्रोलच्या कोठाराचं काम बघत. लढाई संपल्यावर एका खाजगी कंपनीचं छोटं विमान बंगलोरहून पुण्याला जाताना पेट्रोल घ्यायला तिथे उतरू लागलं होतं. त्यात कधी जागा असली तर मास्तरांना न्यायचं, असं मारुतीरावांनी कबूल केलं होतं. शेचाळीस सालच्या आषाढात ती जागा निघाली, आणि नेमकी नको त्या वेळी निघाली.

बेबीनं पुण्याच्या वैद्यकीय कॉलेजात अर्ज केला होता. सोमवारी दुपारी प्रमोदिनीबाईंच्या भावाची, चिंतामणीची, पुण्याहून तार आली. मुलाखत उद्या, मंगळवारी दुपारी तीनला. न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला. बेबीला ताबडतोब पाठवा.

प्रमोदिनीबाईंनी तार वाचली आणि सरळ ट्रंक काढली. "संध्याकाळची गाडी. सकाळी पुण्यात. अंघोळ, जेवण करून आरामात पोचेल."

"गाडी?" मास्तर म्हणाले. "गेल्या आठवड्यात ती गाडी मिरजेला सहा तास पडून राहिली होती. आणि रात्रभर डब्यात बसून पोर मुलाखतीला जाणार? प्रश्न विचारला की जांभई देईल. उद्या सकाळी विमान आहे. दोन जागा आहेत. मी मारुतीरावाला आजच निरोप धाडतो, आणि चिंतामणीला तार."

"अहो, विमान?"

"दहाला निघालं की बाराच्या आत पुणं. तीन वाजेपर्यंत काय करायचं हा प्रश्न पडेल."

"पावसाळा आहे!"

"उघडीप आहे."

"मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे, आणि तुम्ही तुमचं ते सूत..."

"सूत नाही, विमान." मास्तर इतक्या शांतपणे म्हणाले की प्रमोदिनीबाईंना ट्रंकेचं झाकण आपटावंसं वाटलं. त्यांनी ते आपटलं. मग बेबीकडे बघितलं. अठरा वर्षांची ती पोर भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचे डोळे असे चमकत होते की प्रमोदिनीबाईंना कळलं, घरात आपण एकट्या आहोत.

संध्याकाळी स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली. प्रमोदिनीबाई भाकरी थापत होत्या. शिटी थांबेपर्यंत त्यांचा हात परातीवर तसाच राहिला.

मंगळवारी सकाळी कोरा चहा झाला. दूध नव्हतं. त्यांच्याकडे दूध घालणारी राजाबाई सांबऱ्याची, आणि गेले तीन मंगळवार तिनं दांडी मारली होती. "मंगळवारी न्हाय यायची बगा बाई, गावात वार हाय," असं तिनं पहिल्याच वेळी सांगितलं होतं. प्रमोदिनीबाई त्यावर कुरकुरल्या होत्या, आणि आजही, एवढ्या गडबडीत, कोऱ्या चहाचा घोट घेताना त्या कुरकुरल्याच. मास्तरांनी लग्नातला कोट घातला होता. तो पोटावर बसत नव्हता. घड्याळाला किल्ली देऊन त्यांनी ते कानाला लावलं आणि म्हणाले, "चला."

टांगा सांबऱ्याच्या वाटेला लागला. दोन्हीकडे भाताची लावणी झालेली, उन्हात पाणी चमकत होतं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुठे नांगर नाही, कुठे बैल नाही. प्रमोदिनीबाईंच्या ते लक्षात आलं, पण मास्तर बेबीला वाऱ्याची दिशा समजावून सांगत होते आणि त्यातून कुणाला एक शब्द घुसवता येत नव्हता.

गावाच्या शिवेवर टांगेवाल्यानं घोडा थांबवला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खांब पुरून कडुलिंबाच्या पाल्याचं तोरण आडवं बांधलं होतं, मधोमध नारळ. अलीकडे दोन बैलगाड्या सोडून ठेवलेल्या, त्यांच्यावर पेट्रोलची पिंपं. बैल निवांत रवंथ करत होते. पलीकडे लिंबाखाली गावची माणसं बसली होती. तोरणाच्या मध्ये उभे राहून मारुतीराव घाम पुसत एका म्हाताऱ्याशी बोलत होते. तो गावचा पुढारी, भरमू आप्पा.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, घोळ झाला," मारुतीराव म्हणाले. "पिंपं काल संध्याकाळी यायची, ती आज उजाडताना आली. आणि आज गावात वार आहे."

वार म्हणजे काय ते भरमू आप्पांनी सांगितलं. आषाढ लागला की पाच मंगळवार गाव देवीचे म्हणून पाळतं. त्या दिवशी नांगर नाही, मोट नाही, चक्की नाही, आणि शिवेच्या आत कुठलंही चाक फिरायचं नाही. पटकी चाकाला चिकटून गावात येते, असं वाडवडलांनी सांगितलंय. सांजेला देवीपुढे दिवा लागला की वार उतरला.

"सांजेला!" मास्तर म्हणाले. "अहो आप्पा, मुलीला तीनला पुण्यात पोचायचंय! एकशे त्र्याण्णव मैल!"

"जावा की. नगं कोण म्हनतंय?"

"विमानात पेट्रोल नाही, ते इथे गाडीवर आहे!"

"गाडीला चाक हाय," भरमू आप्पा म्हणाले.

प्रमोदिनीबाई टांग्यातून उतरल्या. त्यांच्या डोक्यात कोरा चहा आला. तीन मंगळवार दूध आलं नव्हतं. तीन मंगळवार त्या राजाबाईवर चिडल्या, आणि चौथ्या मंगळवारी ट्रंक घेऊन त्याच गावात विमान पकडायला आल्या. नवऱ्यानं वारा मोजला, ढग मोजले, आणि खिडकीतून कुठली नदी दिसेल तेही मोजलं. त्यांनी स्वतः दूध मोजलं. वार कुणीच मोजला नाही. आणि ही तर्कशास्त्रात पहिली आलेली बाई!

शेतांच्या पल्याड, मैलभरावर, विमान उभं दिसत होतं. उन्हात ते पत्र्याच्या खेळण्यासारखं दिसत होतं.

"पिंप खाली उतरवून गडगडवत नेतो," मारुतीराव म्हणाले.

"गडगडतंय ते चाकच की."

"आप्पा, विमानतळ सरकारचा आहे. गावाचा काय संबंध?"

"न्हायच की," म्हातारा म्हणाला. "त्या इमानाला कोण आडवतंय? पळू दे न्हायतर उडू दे. ती भुई घेतली तवाच आमी तिथल्या देवीची वटी भरून तिला गावात आनली. त्या भुईला आता वार लागत न्हाय. पर ह्यो रस्ता अजून गावचा हाय."

"दुप्पट मजुरी देतो," मारुतीराव म्हणाले.

"मजुरी घेतली की काम झालं. वाराला काम न्हाय."

मास्तरांनी खिशातून रीळ काढलं. खरोखर काढलं. ते भरमू आप्पांना दाखवून काय सिद्ध करणार होते हे देवीलाच ठाऊक, पण त्यांनी सूत ताणून धरलं आणि बोलू लागले. पृथ्वी, वारा, शास्त्र. लिंबाखालची माणसं कौतुकानं ऐकत होती. एकानं तर विचारलं, "मास्तर, ह्या सुतानं मुंबई किती वो?" आणि मास्तर सांगायला लागले!

प्रमोदिनीबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. सूर्य वर चढत होता. पुण्यात चिंतामणी विमानतळावर जाऊन उभा असेल. कॉलेजात कुणीतरी कागदावर बेबीचं नाव वाचत असेल, आणि त्याच्या खालचंही. आणि इथे मुंबईचं अंतर मोजलं जात होतं.

"मारुतीराव," त्या म्हणाल्या. आवाज इतका चढा निघाला की बैलांनीही माना वळवल्या. "तुमच्याकडे रिकामे डबे आहेत का?"

"आहेत की, घासलेटचे. कोठारात ढीग आहे."

"माणसं पाठवा आणि आणवा. चालत. पिंपातून ओता."

"अहो पण वहिनी, ओझं न्यायला माणसं..."

"मी नेते."

"तू?" मास्तर म्हणाले. सूत त्यांच्या हातात तसंच लोंबत राहिलं.

"हो, मी. तुम्ही मुंबई मोजा."

डबे आले. मारुतीरावांनी पिंपाला नळी लावली. पहिला डबा भरला तशी प्रमोदिनीबाईंनी नऊवारीचा पदर कमरेला खोचला, डबा उचलला आणि डोक्यावर ठेवला. डबा डुचमळला. पेट्रोल कपाळावरून गालावर आलं. खडेबाजारातल्या घरात त्यांनी कळशी कमरेवर घेतली होती, पण डोक्यावर कधीच काही घेतलं नव्हतं. चार पावलं टाकली आणि मान लटपटली.

"अगं बया!" लिंबाच्या मागून कुणीतरी ओरडलं. राजाबाई. बायकांच्या घोळक्यातून ती धावत आली. "बाई, ह्ये काय? चुंबळ तरी घ्यायची न्हाय व्हय! थांबा, हलू नगा." तिनं स्वतःच्या पदराची गुंडाळी करून डब्याखाली सारली. "कुठं चाललासा?"

"बेबीला पुण्याला पाठवायचंय. डॉक्टरीला. तीनच्या आत."

राजाबाईनं बेबीकडे बघितलं. मग भरमू आप्पांकडे वळली. "आप्पा, डोस्क्यावरनं न्ह्यायला काय आडकाटी हाय व्हय?"

भरमू आप्पांनी थोडा विचार केला. "डोस्क्याला चाक न्हाय," ते म्हणाले. "पर पैसं घ्यायचं न्हाईत."

"कोण मागतंय? बाईच्या दुखन्याला बापय डाक्तर येतोय आनि आमी तोंड झाकून पडतोय. एक बाई हुईल तर बरंच हाय की." आणि बायकांकडे बघून, "ये गं! का नुसत्याच बगत बसलाय? आज चक्की न्हाय, दळान न्हाय, हात आंबलं असतील!"

दहाबारा जणी उठल्या. डबे डोक्यावर चढले. टांगेवाल्यानं ट्रंक उचलली. मग बेबीनंही डबा घेतला. शेवटी मास्तरांनीही एक घेतला, आणि लग्नातल्या कोटाची बाही पेट्रोलनं भिजली. तेवढ्यावरून बायका वाटभर हसत होत्या. "मास्तर, सरळ चाला वो, सुतावनी!"

धावपट्टीवर पोचल्यावर राजाबाईनं डबा उतरवला आणि काळ्या खडीवर पाय आपटला. "हितं खाली माझं जोंधळ्याचं रान हाय बगा बाई. लई चांगलं पिकायचं." एवढंच म्हणाली आणि घाम पुसत परत फिरली. बायका दोनदा आल्या, दोनदा गेल्या.

पायलट एक पारशी तरुण होता. सकाळपासून उन्हात उभा राहून त्याचा चेहरा तांबडा झाला होता. डब्यातलं पेट्रोल तो कातड्याच्या गाळणीतून गाळून घेत होता आणि दर डब्याला स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. पुटपुटणं प्रार्थनेचं नसावं. शेवटी त्यानं काडी घालून टाकी पाहिली.

"पोचायला पुरेल. पण जास्त नाही. वजन कमी पाहिजे. एकच माणूस."

प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. वीस वर्षं त्यांनी या माणसाला सूत ताणताना पाहिलं होतं. दर रविवारी कुंपणाला नाक लावून उभं राहणारा, आज लग्नाचा कोट घालून आलेला माणूस. त्याच्यासमोर शिडी होती, चार पायऱ्यांची. आता हा वाद घालणार, त्यांना वाटलं. आता वाऱ्याचं सांगणार, टाकीचा हिशोब काढणार, आपलं वजन किती ते पटवून देणार, आणि इथे एक वाजेल.

मास्तरांनी ट्रंक उचलून आत सारली. "डाव्या खिडकीशी बस," ते बेबीला म्हणाले. "निपाणी दिसेल. आईचं गाव."

"अण्णा, तुम्ही?"

"मी पुढच्या वेळी. चढ."

"एकटी?" प्रमोदिनीबाईंच्या तोंडून आलं. आत्तापर्यंत त्यांना राग होता, भीती मागे बसली होती. ती आता पुढे आली. अठरा वर्षांची पोर, डब्याएवढं यंत्र, काडीनं मोजलेलं पेट्रोल. "बेबी, मामा दिसल्याशिवाय कुणाबरोबर जाऊ नकोस. आणि तोंड धू, पेट्रोलचा वास येतोय. आणि... तोंड धू."

"व्हय गं आई," बेबी राजाबाईच्या आवाजात म्हणाली, हसली, आणि आत गेली.

विमान निघालं, धावलं, उठलं. मग एक ठिपका झालं आणि उत्तरेच्या ढगाच्या कडेला नाहीसं झालं. मारुतीराव आपल्या कोठारात गेले. मास्तर आणि प्रमोदिनीबाई धावपट्टीच्या कडेला गवतावर बसले. टांगा शिवेच्या बाहेर उभा होता, पण त्यांना उठवेना.

"मार्कंडेय ओलांडली असेल," मास्तर घड्याळ बघून म्हणाले.

"गप्प बसा हो तुम्ही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "रात्रीच्या गाडीनं गेली असती तर आता मामाच्या घरी जेवत असती. मिरज म्हणे, सहा तास म्हणे. जांभई देईल म्हणे! तोंडाला पेट्रोलचा वास घेऊन जाणं चांगलं का? आणि तुम्ही! गावासमोर सूत ताणून उभे! मुंबई मोजून दाखवत होतात! तीन वाजता ती लोकं तिचं नाव पुकारतील आणि ती कुठेतरी ढगात..."

प्रमोदिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले, पण पदरालाही पेट्रोल लागलं होतं, डोळे आणखी चुरचुरले. मग त्याच वैतागलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "पुढे?"

"काय पुढे?"

"आता कुठे असेल ती?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "घटप्रभा गेली. हिरण्यकेशी आली."

"तुमची."

"माझी," मास्तर कबूल झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "निपाणी. डाव्या हाताला. तंबाखूच्या वखारींचे पत्रे दिसत असतील."

"मग?"

"दूधगंगा. मग पंचगंगा. कोल्हापूर डावीकडेच राहील."

"माझं कॉलेज."

"ते एवढ्या वरून दिसायचं नाही."

"दिसू दे की एकदा. तुमचं काय जातंय?"

मास्तरांनी मान डोलावली. "दिसत असेल."

वारणा झाली, कृष्णा झाली, कऱ्हाड मागे पडलं. मास्तर हळूहळू, न चुकता, एकेक नाव घेत होते. दर नावाला प्रमोदिनीबाई "हं" म्हणत होत्या. ते थांबले की त्यांचा जीव वर यायचा, म्हणून त्यांनी मास्तरांना थांबू दिलं नाही. शेवटी मास्तरांनी घड्याळ मिटलं. "उतरली. एक तास सदतीस मिनिटं."

"कशावरून?"

"कशावरूनही नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ पुन्हा कानाला लावलं.

तार संध्याकाळी उशिरा आली. पोचली. मुलाखत पावणेचारला झाली. ठीक. प्रमोदिनीबाईंनी ती देव्हाऱ्यापुढे ठेवली. नंतर त्यांना आठवलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि त्यावरूनही त्या मास्तरांवर चिडल्या. पंधरा दिवसांनी प्रवेश मिळाल्याचं कळलं. मास्तर त्या दिवसापासून रस्त्यात भेटेल त्याला सांगू लागले, "बेबी पुण्याला गेली ती विमानानं. एक तास सदतीस मिनिटं." शिवेवरचा वार, डबे, टांगा, यातलं ते काही सांगत नसत. प्रमोदिनीबाई शेजारी असल्या तर म्हणत, "आणि माझ्या केसांना आठ दिवस पेट्रोलचा वास." पण ते कुणी ऐकून घेत नसे.

बेबी दिवाळीला आली ती रेल्वेनं, आणि गाडी वेळेवर आली. पोर हात धुऊन स्वयंपाकघरात आली आणि आईच्या कानाला लागली. "आई, अण्णा विचारतील. मी काय सांगू? निघाल्यापासून उतरेपर्यंत माझं तोंड कागदाच्या पिशवीत होतं. खिडकी बघितलीच नाही गं. एवढी ओकले मी."

"त्यांना सांगू नकोस," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "कृष्णा दिसली म्हण. सुतासारखी दिसली म्हण. चालतंय."

पुढच्या खोलीत मास्तर नकाशासमोर वाट बघत बसले होते. बेबीनं जाऊन सांगितलं. निघाल्या निघाल्या कृष्णा दिसली, अण्णा. अगदी सुतासारखी.

"निघाल्या निघाल्या कृष्णा कशी दिसेल?" मास्तर म्हणाले. "आधी मार्कंडेय. मग घटप्रभा. हिरण्यकेशी, दूधगंगा, पंचगंगा, वारणा. मग कृष्णा. तुझा क्रम चुकतोय. आणि निपाणी कुठल्या हाताला होती?"

बेबीनं आत बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं.

"डाव्या," प्रमोदिनीबाई आतून म्हणाल्या. झारा कढईवर आपटून त्यांनी चकलीचं तेल निथळवलं. "डाव्या हाताला. तंबाखूच्या वखारींचे पत्रे चमकत होते. आणि कोल्हापूरला माझं कॉलेज दिसलं. आता पोरीला सोडा आणि खायला बसा."

मास्तर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मग त्यांनी खिशातून रीळ काढलं, बायकोपुढे धरलं, आणि म्हणाले, "तुझं पोलक्याचं बटण तुटलंय म्हणत होतीस ना? घे."